उत्तर दरवाज्यावरची कुंभधारिणी

९ मार्च

आज उत्तर दरवाज्याला परांची लागली. पेन्यार्कोसच्या कॅथीड्रलचं दगडकाम माझ्या हाती आल्यापासून मी या दिवसाची वाट पाहत होतो. आता दिवस आला तर परांचीकडे बघवत नाही.

कारण तो रिवाज. इथे दगडाची दुरुस्ती निघाली की पाथरवटाला आपल्या काळातली एक आकृती कुठेतरी लपवायची मुभा असते. परांची उतरायच्या आधी कारभारी पाद्री वर चढून ती शोधतो. सापडली तर फोडायची. सापडली नाही आणि त्याने 'सगळं जुन्याबरहुकूम' अशी सही केली, तर ती कायमची. मग बिशपसुद्धा तिला हात लावू शकत नाही. हा पोरखेळ कोणी सुरू केला कोण जाणे, पण माझ्या आधीचे कारभारी डॉन एर्मोहेनेस त्यातच चारीमुंड्या चीत झाले. पश्चिमेकडे तुतारी फुंकणारा देवदूत म्हणून त्यांनी ज्याच्यावर सही केली, तो सायकलच्या चाकात हवा भरतो आहे. बिचारे डीन, म्हणजे कॅथीड्रलचे मुख्य पाद्री, व्हायचे होते, 'पंपवाले' म्हणून मेले.

डीनची जागा आताही रिकामी आहे. मी मध्ययुगीन शिल्पावर तीन ग्रंथ लिहिले आहेत. माझ्या डोळ्यांत धूळ फेकणारा अजून जन्माला यायचा आहे.

पाथरवट बाई आहे. साबेला नाव, गलिसियाची. पहिल्याच भेटीत कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पाद्रीबुवा, माझ्यासारखा हात अख्ख्या स्पेनमध्ये नाही. तुम्हाला सापडलं तर छिन्नी टाकून तुमच्या दारात मेणबत्त्या विकत बसेन." विनय हा प्रकार गलिसियापर्यंत पोचलेला दिसत नाही.

आई गेल्यापासून माझं घर धाकटी बहीण एदेलमिरा बघते. आज जेवताना ती काही सांगत होती. रिटायर झालेला बस ड्रायव्हर अनिसेतो, तो विधुर, त्याने मुर्सियाच्या किनाऱ्यावर आगिलासला घर घेतलं आहे.

"मला बरोबर चल म्हणतोय," ती म्हणाली.

"मग ये की आठवडाभर जाऊन. पण ईस्टर झाल्यावर."

"आठवडाभर नाही रे, साटुरियो. सान मिगेलच्या सणापर्यंत उत्तर दे म्हणालाय."

सान मिगेल म्हणजे सप्टेंबरअखेर. एका सहलीचा निरोप द्यायला अर्धं वर्ष देणारा माणूस बस वेळेवर कशी नेत असेल? तिला म्हटलं, परांची उतरू दे, मग निवांत बोलू. ती ताटं उचलून आत गेली.

२ एप्रिल

चौकातल्या बारमध्ये औषधांच्या दुकानाचे डॉन लेआंद्रो भेटले. सगळ्यांसमोर म्हणाले, "डॉन साटुरियो, चष्म्याचा नंबर तपासून घ्या हं. नाहीतर गावाला तुमच्यासाठीही एखादं नाव शोधावं लागेल." लोक हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत अंगाचा तिळपापड झाला होता.

पण त्यातूनच युक्ती सुचली. साबेला दुपारी परांचीवर बसून कोरडा पाव खाते. एदेलमिराच्या हाती तिला गरम जेवण पाठवायचं. पुण्यही लागेल आणि वर काय शिजतंय तेही कळेल.

"म्हणजे मी तुझी हेर?" एदेलमिराने विचारलं.

"छे! ही ख्रिस्ती दया आहे."

"मग ही दया न्यायची कशातून? पाच मजले चढायचे, सांडली म्हणजे?"

"ते तू बघ. भांड्याकुंड्यांतलं मला काय कळतं?"

२४ एप्रिल

हेर म्हणून एदेलमिरा अगदीच कुचकामी. दुपारी जाते ती उन्हं उतरल्यावर येते, केसांत दगडाचा भुगा, आणि स्वतःशीच हसत असते. या वयात स्वतःशी हसणं बरं लक्षण नाही.

"काय काय बघितलंस?" मी विचारतो.

"मी कुठे बघते? मी बसलेली असते."

"इतका वेळ नुसती बसून?"

"साबेला म्हणते, एदेलबाई, हलू नका."

हे मात्र तिने बरोबर सांगितलं. परांचीवर हलू नयेच. तोल जायचा.

१९ मे

घरात दह्याचा सुळसुळाट झाला आहे. फ्रिज उघडावा तर दही. एदेलमिरा म्हणते, साबेलाला लागतं. गलिसियाच्या लोकांना इतकं दही लागतं हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या काबुली चण्यांच्या सारात मात्र हल्ली चोरिसो सॉसेजचे दोनच तुकडे असतात. विचारलं तर म्हणाली, "तिसरा वर गेला."

आज डॉन लेआंद्रो मला म्हणाले, "तुमच्या बहिणीला केस कापल्यापासून काय शोभतंय हो!" मी म्हटलं, हो, छान. घरी येऊन पाहिलं तर केस खरंच कानापर्यंत होते. कधी कापले? विचारायचा संकोच वाटला. उगाच तिला वाटायचं की माझं लक्ष नसतं.

११ जून

सापडली!

द्राक्षवेलीच्या नक्षीत, पानाच्या मागे, बोटभर सरडा. पुढच्या पायांत मोबाइल धरून बघत बसलेला. मी परांचीवरूनच ओरडलो. खाली रस्त्यावर लोक जमले. साबेला आली, सरड्याकडे बघितलं, कपाळावर हात मारला. "संपलं, पाद्रीबुवा. माझी अब्रू गेली." आणि हातोडीच्या एका ठोक्यात सरडा उडवला. खरं सांगतो, मला तिची दया आली. इतक्या मोठ्या तोंडाची बाई, आणि वाद न घालता चूक कबूल करते.

बारमध्ये सगळ्यांना माझ्यातर्फे वाइन पाजली. डॉन लेआंद्रोंनी ग्लास उचलला, पण तोंडातल्या तोंडात म्हणालेच, "इतक्या लवकर? इतक्या सोप्या जागी? बरं बरं."

या माणसाला दुसऱ्याचं सुख बघवत नाही. तरीही झोप लागत नाही आहे. इतक्या सोप्या जागी?

४ जुलै

लेआंद्रोंचं बोलणं मनातून जाईना, म्हणून रोज वर चढून पुन्हा एकेक दगड बघतो आहे. आणि देवाची लीला बघा, खोटं शोधायला गेलो आणि खरं रत्न हाती लागलं.

कमानीच्या सर्वात वरच्या रांगेत, डाव्या टोकाला, एक स्त्री आहे. इतकी वर की खालून कोणाला दिसायची नाही. अंगावर शेवाळ, दगड काळवंडलेला. मी तिच्यावर आजवर एक ओळही लिहिली नव्हती, कारण आजवर तिथवर पोचायला परांचीच नव्हती. वर्णन लिहून ठेवतो, पुढे निबंधात घेता येईल.

पायऱ्या चढते आहे. केस कापलेले, पश्चात्तापाचं चिन्ह. पायांत टाचेकडून उघड्या, मऊ वहाणा, यात्रेकरूंच्या असतात तशा. कमरेला जाडसर वस्त्र, मागे गाठ मारलेली. दोन्ही हातांत एक विलक्षण पात्र. गोल, पोट सुटलेलं. झाकणाला लांब दांडा, आणि तो पात्राच्या दांड्यावर नेमका बसतो, जणू कुलूप लागावं. यात्रेत पवित्र तेल हिंदकळू नये म्हणून ही योजना, हे उघड आहे. झाकणाच्या मधोमध छोटं बोंड. माझ्या मते ते कबुतराचं, म्हणजे पवित्र आत्म्याचं, संक्षिप्त रूप.

असं पात्र मी युरोपातल्या एकाही कॅथीड्रलमध्ये पाहिलेलं नाही. तिला मी 'कुंभधारिणी' हे नाव दिलं आहे. काळ पंधरावं शतक, अखेरची वर्षं.

साबेलाला दाखवलं. तिने वर्णन दोनदा वाचलं. मग म्हणाली, "पाद्रीबुवा, हिच्या चेहऱ्याबद्दल काही लिहिलं नाहीत."

मी समजावलं की त्या काळातले चेहरे ठोकळेबाज असतात, त्यात पाहण्यासारखं काही नसतं.

स्वयंपाकघरातून एदेलमिराला हाक मारून हे सगळं वाचून दाखवलं. तिथे काहीतरी फुसफुसत होतं, त्यामुळे दोनदा वाचावं लागलं. ती दारात उभी राहून ऐकत होती. "पवित्र आत्मा," ती म्हणाली, आणि पदर नव्हता म्हणून एप्रनच तोंडावर धरून आत पळाली. धार्मिक विषय निघाला की ती अशीच भारावते.

१६ ऑगस्ट

एदेलमिराला कसलं खूळ लागलंय कळत नाही. मी म्हणे गॅस पेटवायला शिकायचं! "हे बघ, बटण दाबून फिरवायचं. अंडं असं फोडायचं. साटुरियो, बघ ना इकडे." मी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हटलं, "अगं, तू आहेस की."

तिने गॅस बंद केला. थोड्या वेळाने म्हणाली, "अनिसेतोला काय सांगू?"

"काय ते?"

"मी जाऊ का राहू?"

मी म्हटलं, तुला समुद्राची हवा मानवते का ते डॉक्टरला विचार. निबंधाच्या तळटिपा चालू होत्या, तरी मी उत्तर दिलं. आणखी काय करायचं माणसाने?

बाल्कनीत दोरीवर एक निळी वस्तू वाळते आहे. पट्टे आहेत, पाठीकडे जवळपास काहीच नाही. इस्त्रीच्या टेबलाचं कव्हर असावं. माप चुकलेलं दिसतं.

८ सप्टेंबर

सही केली. उत्तर दरवाज्याचे सगळे दगड जुन्याबरहुकूम आहेत, कुंभधारिणी पंधराव्या शतकातली आहे, असं माझ्या हाताने लिहून दिलं. वारसा खात्याचा शिक्का बसला. सान मिगेलच्या दिवशी दरवाज्यासमोर माझं व्याख्यान आहे. पडद्यावर मोठी छायाचित्रं दाखवणार. बिशप चिटणीसांना पाठवणार आहेत. चिटणीस काही व्याख्यान ऐकायला येत नाहीत. डीनच्या खुर्चीला माणूस शोभतो का ते बघायला येतात.

साबेलाने सहीकडे बघून विचारलं, "नक्की ना, पाद्रीबुवा?" आणि माझा हात दोन्ही हातांत धरून इतका दाबला की हाडं मोजून घ्यावी लागली.

२९ सप्टेंबर, सान मिगेल

लिहायलाच हवं, म्हणून लिहितो.

अख्खा गाव आला होता. बायका इतक्या की खुर्च्या पुरल्या नाहीत. मला आधी अभिमान वाटला. पेन्यार्कोसच्या बायकांना शिल्पकलेची इतकी ओढ आहे हे मला माहीतच नव्हतं. एदेलमिरा पहिल्या रांगेत होती, चांगला ड्रेस घालून.

पडद्यावर छायाचित्र आलं, आणि मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली. मी आवाज चढवला. झाकणाच्या दांड्याचं कुलूप समजावलं. पवित्र तेल समजावलं. बोंडापाशी आलो आणि म्हणालो, "आणि इथे साक्षात पवित्र आत्मा विराजमान आहे."

खाटकाच्या बायकोने उभी राहून विचारलं, "डॉन साटुरियो, चणे शिजले की हा पवित्र आत्मा शिट्टी मारतो का हो?"

मग जे झालं ते मला सलग आठवत नाही. चौक हसत होता. डॉन लेआंद्रोंना ठसका लागला, कोणीतरी त्यांची पाठ चोळत होतं. बिशपचे चिटणीस रुमालात तोंड घालून हलत होते. "प्रेशर कुकर!" "आणि पायात घरातल्या सपाता!" "आमच्याकडे हेच मॉडेल आहे, पाच लिटरचं!" सरडा नुसतं आमिष होता आणि दही शेवाळ धरायला दगडाला फासतात, हेही कोणीतरी मला त्याच गडबडीत सांगितलं. खाण्यासाठी ते नव्हतंच.

मी पडद्याकडे वळलो. चेहरा पाहिला. मग पहिल्या रांगेत पाहिलं. तोच नाकाचा बाक, तेच आखूड केस. सगळ्या चौकात एकटी ती हसत नव्हती. मान खाली घालून बसली होती, चूक तिचीच असल्यासारखी.

घरी आल्यावर मी ओरडलो. मला लाज वाटते, पण ओरडलो. म्हटलं, गावासमोर माझा पाणउतारा केलास, मी तुला हेर म्हणून पाठवलं होतं.

ती म्हणाली, "मी तुला रोज सांगत होते, मी वर नुसती बसते म्हणून. तू विचारलंस का, कशाला बसतेस?"

मग म्हणाली, "साटुरियो, मी उद्या सकाळच्या बसने जातेय."

"कुठे?"

"आगिलासला. अनिसेतोकडे. लग्न करतोय आम्ही. मार्चपासून सांगतेय."

मी म्हटलं, मला वाटलं सहल.

"माहितीये." ती माझ्यासमोर बसली. "तू राहा म्हणाला असतास तर मी राहिले असते असं नाही. पण भांडण तरी झालं असतं. मला वाटायचं, एकदा तरी भांडेल. तू म्हणालास, डॉक्टरला विचार."

तिने टेबल पुसलं, आणि झोपायला गेली.

३० सप्टेंबर

गेली. अनिसेतो आला होता, त्याने बॅगा उचलल्या. मला म्हणाला, "डॉन साटुरियो, काळजी करू नका." मी बस वळेपर्यंत हात हलवत होतो. तिने निळी वस्तू बॅगेत सगळ्यात वर ठेवली होती. तो पोहण्याचा पोशाख आहे, हे आता माझ्याही लक्षात आलं.

घर फार मोठं आहे. आजवर लहान वाटायचं.

६ ऑक्टोबर

बिशपचे चिटणीस वारसा खात्याच्या साहेबांना घेऊन आले. दोघेही फार गोड बोलले.

"डॉन साटुरियो, मार्ग सोपा आहे," चिटणीस म्हणाले. "पाथरवटीणीने आपल्याला फसवलं, इतकं लिहून द्या आणि सही मागे घ्या. परांची अजून उभी आहे. दगड फोडू, जागी साधा दगड बसवू. महिन्याभरात लोक विसरतील. आणि तुम्हाला सांगायला हरकत नाही, डीनच्या जागेचा विचार अजून संपलेला नाही."

"उद्यापर्यंत कळवा," साहेब म्हणाले. "परवा परांची निघेल."

इतका सोपा मार्ग मला आयुष्यात कोणी दाखवला नव्हता. मी जवळजवळ लगेच हो म्हणणार होतो. मग म्हटलं, एकदा बघून येतो.

वर चढलो. पुस्तक नेलं नाही, भिंगही नेलं नाही. तिच्यासमोर फळीवर बसलो आणि पाहिलं. साबेला शेखी मिरवते, पण तिचा हात खरंच तसा आहे. एदेलमिरा पायरीवर एक पाऊल टाकून जरा थांबली आहे, दम लागल्यासारखी, आणि तरी तिला हसू येतंय. डोळ्यांखाली थकवा आहे. तो मला घरात कधी दिसला नव्हता. उजव्या मनगटावर दगडात एक वळ आहे, भाजल्याच्या डागाचा. असा डाग तिला आहे हे मला माहीत नव्हतं. रोज त्याच हाताने ती मला वाढत होती.

मी तिथे बसून रडलो. साबेला खालच्या फळीवर अवजारं आवरत होती. तिने ऐकलं असणार, कारण ती हातोड्या उगाच मोठ्याने पेटीत टाकायला लागली.

७ ऑक्टोबर

साहेबांसमोर कागद होता, पेन होतं. साबेला दाराशी उभी होती, हाताची घडी घालून.

मी म्हणालो, "मूर्ती पंधराव्या शतकातली आहे."

साहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "फादर, तिच्या हातात प्रेशर कुकर आहे."

"तेलपात्र."

"पायात सपाता आहेत!"

"यात्रेकरूच्या वहाणा. पान सात, तळटीप बघा."

"फादर, गावातल्या प्रत्येक बाईने ओळखलं ती कोण आहे ते!"

"बायकांनी शिल्पशास्त्राचा अभ्यास केलेला नाही. मी तीन ग्रंथ लिहिले आहेत. सही मागे घेणार नाही."

चिटणीस माझ्याकडे बघत राहिले. त्यांना मी नीट ओळखतो. त्यांच्या मनात माझी डीनची खुर्ची तिथल्या तिथे मोडली, आणि मी तिचा आवाजही ऐकला. पण कारभारी पाद्र्याची सही आहे, ती तोच मागे घेऊ शकतो, दुसरा कोणी नाही. दगड राहणार.

बाहेर आल्यावर साबेला म्हणाली, "पाद्रीबुवा, तुम्ही धडधडीत खोटं बोललात."

"मी तज्ज्ञ आहे," मी म्हटलं. "आम्ही खोटं बोलत नाही. आम्ही मतावर ठाम राहतो."

तिने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी खांबाला धरलं.

२ नोव्हेंबर

गावाने माझं नाव ठेवलं आहे, 'कुकरवाले'. पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारतो. एक वर्तमानपत्र फोटो काढून गेलं. डॉन लेआंद्रो रोज विचारतात, "काय डॉन साटुरियो, आजही पंधरावंच शतक ना?" मी म्हणतो, "अखेरची वर्षं." आता ते हसून माझ्याही कॉफीचे पैसे देतात.

आज धीर करून आगिलासला फोन केला. एदेलमिराने सगळं ऐकलं होतं. इकडच्या बायका तिला रोज बातम्या देतात.

"डीन नाही ना करणार आता तुला?" तिने विचारलं.

"नाही."

"वाईट वाटतं का?"

"वाटतं," मी म्हटलं. मग विचारलं, "एदेल, उजव्या मनगटावर कधी भाजलीस?"

पलीकडे अनिसेतो काहीतरी गुणगुणत होता.

"तुला कोणी सांगितलं?"

"पाहिलं."

"कुठे?"

"वर. परांची निघायच्या आधी चढलो होतो."

"अरे, त्यासाठी पाच मजले चढायला कशाला हवं होतं?" ती म्हणाली. "मी रोज तुझ्या शेजारीच बसायचे की जेवायला."

मी म्हटलं, हो. मग म्हटलं, सांग ना, कधी भाजलीस. मी ऐकतोय. तिने सांगितलं, आणि मग इतर गोष्टीही सांगत राहिली, आणि मी ऐकत राहिलो.